आवाज आणि चित्र यांचा मेळ कसा घालावा?

दिनांक २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देहूरोड येथे तथागत भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेव्हा जी मुले आईवडिलांचे बोट धरून तेथे गेली असतील, ती आज ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे पोहोचलेली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या धम्मदीक्षेला हजर असलेल्यांचीही तीच गोष्ट. या वडीलधाऱ्या मंडळींनी जे पाहिले, जे ऐकले आणि जे सोसले ते त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवले पाहिजे, ही जाणीव आपल्या वस्त्यावस्त्यांतून वाढते आहे, ही समाधानाची बाब होय. विहारातील आणि अभ्यासिकेतील तरुण मुले मोबाइल घेऊन आजी-आजोबांसमोर बसतात, त्यांच्या पदराला किंवा सदऱ्याला छोटा माइक लावतात आणि तास-दीड तास त्यांना बोलते करतात. काम मोलाचे आहे. परंतु पुढे संगणकावर जोडणी करायला घेतली की हमखास एक तक्रार ऐकू येते, ती म्हणजे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. दोन-चार संध्याकाळी खटपट करून मुले कंटाळतात आणि ती मुलाखत पेन ड्राइव्हमध्ये तशीच पडून राहते.

वास्तविक या अडचणीची कारणे मोजकी आहेत आणि ती शोधून काढण्याची रीत कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल इतकी सोपी आहे. बहुतेक जण सॉफ्टवेअरला दोष देऊन मोकळे होतात, दुसरे सॉफ्टवेअर आणतात, आणि तेथेही तेच घडते. दोष बहुधा त्याच्या अगोदरच, चित्रण होत असताना शिरलेला असतो. तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखले की निम्मे काम झाले, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात त्या ओळखीवरच अधिक भर दिला आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र हाती लागणे ही आपल्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेव व्हटकर यांनी केले आणि त्यासाठी स्वतःचा छापखाना गहाण ठेवला. ती दृश्ये आज आपण पाहतो तेव्हा त्यांवर कुणाचे तरी गीत किंवा निवेदन चढवलेले असते. उलट बाजूला जात्यावरच्या ओव्या पाहा. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुण्यातील प्रकल्पाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात झाले आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर ते सर्वांना ऐकता येते. तेथे आवाज आहे, परंतु त्या काळी गाणाऱ्या पुष्कळ बायांचे त्या क्षणाचे हलते चित्र नाही. आज साध्या मोबाइलने दोन्ही एकाच वेळी पकडता येते. तेव्हा जे हाती आले आहे ते केवळ जुळत नाही म्हणून वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

दुसरेही एक कारण आहे. कथाचित्रपटात ओठ आणि शब्द जुळले नाहीत तरी प्रेक्षक चालवून घेतो. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) मूळ इंग्रजीत झाला. अन्य भाषेचा आवाज चढवलेली प्रत पाहताना ओठ वेगळे हलतात हे दिसते, पण त्यामुळे कुणी तो चित्रपट खोटा मानीत नाही. साक्षीचे मात्र तसे नाही. एखादी वृद्ध माता आपल्या गावच्या पाणवठ्याची हकिकत सांगत आहे आणि तिचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येत आहेत, असे दिसले की पाहणाऱ्याच्या मनात शंका येते, हे बोल तिचेच की मागाहून कुणी घातलेले? आपल्या लोकांच्या हकिकतींवर शंका घ्यायला टपलेले लोक कमी नाहीत. त्यांच्या हाती आयते कोलीत कशाला द्यावे!

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर घ्यावेतच कशाला, असे कुणी विचारील. याचे उत्तर अंतरात आहे. चेहरा नीट दिसावा म्हणून कॅमेरा काही फूट दूर ठेवावा लागतो, तर आवाज नीट यावा म्हणून माइक तोंडाजवळ लागतो. दूरच्या माइकमध्ये पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षा आणि शेजारचा कुकर हे सारे बोलणाऱ्याच्या आवाजाइतकेच मोठे येते. म्हणून आवाजासाठी निराळे यंत्र ठेवायचे आणि नंतर दोहोंचे लग्न लावायचे, ही चित्रपटसृष्टीची जुनी रीत आहे.

या रीतीचा इतिहास आपल्या पुण्याशी निगडित आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. तेथील ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. फिल्मच्या काळात कॅमेऱ्याची फिल्म वेगळी आणि आवाजाची चुंबकीय फीत वेगळी असे. कॅमेऱ्याच्या गतीची खूण दर्शविणारा विद्युत्संकेत त्याच फितीवर नोंदवीत आणि मग संकलनाच्या टेबलावर दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी चालवून जुळवीत. दोन लाकडी फळ्या आपटून 'क्लॅप' देतात तो याचसाठी. फळ्या एकमेकींना टेकल्याची फ्रेम आणि 'टाक्' असा आवाज, या दोन खुणा एकाखाली एक आणल्या की काम झाले. पुढे बाहेरच्या चित्रणात गोंगाट फार म्हणून नटांकडून स्टुडिओत पुन्हा बोलून घेण्याची पद्धत आपल्याकडे रुळली. ती मोडून भुजजवळच्या माळावर प्रत्यक्ष आवाज मुद्रित करणारा 'लगान' (२००१) हा चित्रपट त्यामुळेच गाजला. पुण्याच्या याच संस्थेत शिकलेले रसूल पुकुट्टी यांना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनिअर'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

चित्र म्हणजे स्थिर छायाचित्रांची मालिका. आपल्याकडे दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ छायाचित्रे, म्हणजे फ्रेम्स, असतात. सिनेमात २४ आणि मोबाइलमध्ये बहुधा ३०. २५ च्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाजाचे मात्र सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, गाण्यांच्या सीडीसाठी ४४,१०० घेत. या आकड्यांची पुढे गरज पडणार आहे.

किती फरक पडला तर माणसाला कळते? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली याविषयी शिफारस प्रसिद्ध केली. तीनुसार आवाज चित्राच्या अगोदर आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांतच ते जाणवते, मात्र चित्रानंतर आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जाते. असे का, हे वीज चमकण्यावरून ध्यानात येईल. निसर्गात आवाज नेहमी मागाहूनच येतो. दूरवर धुणे आपटणाऱ्या बाईचा हात अगोदर दिसतो आणि आवाज नंतर येतो. उलटा क्रम आपण जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून जुळवताना नेमकी फ्रेम सापडत नसेल तर आवाज किंचित उशिरा ठेवावा, लवकर कधीही ठेवू नये.

मेळ चुकला आहे असे वाटले की लगेच टाइमलाइनवर ओढाताण सुरू करू नये. सर्वप्रथम दोष फाइलमध्ये आहे की ऐकण्याच्या साधनात, हे पाहावे. ब्लूटूथ हेडफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर आवाज पोहोचविण्यास वेळ घेतात, हा वेळ सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकाही असतो. मोठे टीव्ही संच उलट चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतात. जुना संगणक भारी फाइल चालवताना मधल्या फ्रेम्स गाळतो आणि चित्र अडखळते. तेव्हा वायरचा हेडफोन लावून दुसऱ्या एखाद्या संगणकावर तीच फाइल चालवून पाहावी. तेथे सर्व ठीक असेल तर जुळवाजुळवीला हातही लावू नये. नाहीतर बरोबर असलेली मुलाखत आपण आपल्या हाताने बिघडवू आणि ती मंडळाच्या सभागृहात लावली की सगळ्यांना चुकलेली दिसेल.

फाइलमध्येच दोष आहे असे ठरले की मुलाखतीच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी फरक मोजावा. कसा मोजावा? आपल्या वर्णमालेतील प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. आणि योगायोग असा की आपल्या माणसांच्या तोंडी सर्वांत अधिक येणारे शब्द याच अक्षरांचे आहेत. बुद्ध, भीम, बाबासाहेब, रमाई. असा एखादा शब्द शोधावा, एकेक फ्रेम पुढे सरकत मिटलेले ओठ उघडण्याची फ्रेम पकडावी आणि ध्वनिलहरीत त्या अक्षराचा स्फोट कोठे आहे ते पाहून मधल्या फ्रेम्स मोजाव्यात. मुलाखतीच्या सुरुवातीला पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून 'जय भीम' म्हटले असेल तर त्यातला 'भी' हाच आपला क्लॅप. टाळी वाजवायला सांगितले तर काही वृद्ध संकोचतात, 'जय भीम' म्हणायला कुणीच संकोचत नाही. तरी मुलाखत घेणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर हात धरून एक स्वच्छ टाळी आरंभी आणि एक शेवटी द्यावी. शेवटची टाळी आरंभीच्या टाळीहून अधिक उपयोगी पडते, कारण दोन टाळ्यांमधले अंतर दोन्ही यंत्रांवर सारखेच भरते की नाही हे तिच्यावाचून कळत नाही.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच, समजा सात-सात फ्रेम्स, निघाला तर प्रश्न अगदी क्षुल्लक आहे. दोन यंत्रे वेगवेगळ्या क्षणी सुरू झाली एवढाच त्याचा अर्थ. आवाजाची पट्टी सात फ्रेम्स सरकवावी आणि दोन्ही पट्ट्या एकत्र बांधाव्यात, म्हणजे पुढे कापाकापीत त्या पुन्हा सुटणार नाहीत. परंतु फरक आरंभी शून्य, मध्यावर चार आणि शेवटी आठ असा वाढत गेला तर पट्टी कितीही सरकवली तरी उपयोग नाही. एक टोक जुळले की दुसरे सुटते. मुले नेमकी येथेच थकतात.

बँकेत काम करणाऱ्यांना ही परिस्थिती ओळखीची आहे. तेरीज जुळत नसली की जुने हेडक्लार्क अगोदर व्हाउचरे उपसत नसत, ते अगोदर फरकाच्या रकमेकडे बघत. रकमेला नऊने भाग गेला की कोठेतरी ५४ चे ४५ झाले असावेत, असा त्यांचा कयास असे. रकमेला दोनने भाग जात असेल तर त्या निम्म्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला पडली आहे काय, ते पाहत. फरकच आपले कारण सांगतो. चित्र आणि आवाज यांचेही असेच आहे. तासाभराच्या मुद्रणामागे किती फरक पडला हे काढले की कारण बहुधा समोर येते.

एका तासाचा आवाज ५५ मिनिटे ७ सेकंदांतच संपला आणि बोलणारा चिरक्या आवाजात घाईघाईने बोलतो आहे असे वाटले, तर ४४,१०० नमुन्यांचा आवाज ४८,००० चा समजून वाजवला गेला आहे. याच्या उलट, आवाज जाडा आणि संथ होऊन तास ६५ मिनिटांच्या वर लांबला, तर ४८,००० चा ४४,१०० समजला गेला आहे. आजची सॉफ्टवेअरे सहसा हे आपोआप ओळखतात, पण फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलताना गडबड होऊ शकते. मूळ फाइल ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून ४८,००० वर रीतसर बदलून घ्यावी. तासाचे चित्र ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपले तर २४ फ्रेम्सचे चित्रण २५ च्या गतीने चालवले गेले आहे. तासाला बरोबर साडेतीन-पावणेचार सेकंदांचा फरक दिसला तर आणखी एक गंमत आहे. अमेरिकेतील रंगीत दूरदर्शनच्या पद्धतीमुळे ३० ऐवजी २९.९७ आणि २४ ऐवजी २३.९७६ असे विचित्र आकडे रूढ झाले. या दोहोंची गल्लत झाली की हजारात एक एवढा फरक पडतो, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. हे सारे दोष प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये किंवा त्या क्लिपच्या गुणधर्मात योग्य आकडा घातला की जातात. आवाजाला ताणण्याची गरज नाही.

तासाला केवळ दोन-तीन फ्रेम्स एवढाच फरक असेल तर मात्र कुणाचीच गल्लत नाही. प्रत्येक यंत्रात एक स्फटिक-घड्याळ असते आणि दोन घड्याळे कधी तंतोतंत सारखी चालत नाहीत, भिंतीवरचीही नाही आणि यंत्रातलीही नाही. दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम्स. समजा, सव्वा तासाच्या मुलाखतीत शेवटी आवाज तीन फ्रेम्स उशिरा येतो. गती बदलून हे दुरुस्त करायचे तर ती १००.००२७ टक्के करावी लागेल, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरांत टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंतच लिहिता येते. त्यापेक्षा साधा उपाय असा. सव्वा तासाला तीन फ्रेम्स म्हणजे दर पंचवीस मिनिटांना एक. त्या सुमारास आजोबा पाणी प्यायला थांबलेले असतील, किंवा आठवून बोलण्यासाठी क्षणभर गप्प झाले असतील. त्या शांततेत आवाजाची पट्टी कापावी, एका फ्रेमइतकी शांतता काढून टाकावी आणि पुढची पट्टी मागे ओढावी. असे तीन ठिकाणी केले की सर्व जुळले. कात्री शांततेला लागते, शब्दाला लागत नाही आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता तिसरी तऱ्हा, आणि मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना हीच सर्वांत अधिक छळते. फरक वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो, त्याला काही नियमच नाही. याचे कारण बहुतेक वेळा असे असते की मोबाइल ठरावीक संख्येने फ्रेम्स घेतच नाही. संध्याकाळी विहारात उजेड कमी असला की प्रत्येक फ्रेमला अधिक प्रकाश मिळावा म्हणून तो फ्रेम्सची संख्या आपोआप कमी करतो, तापला तरी करतो. मोबाइलवरच ती फाइल पाहिली तर सर्व ठीक दिसते, कारण कोणती फ्रेम कधी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते. संकलनाचे सॉफ्टवेअर ती नोंद नीट वाचीत नसेल आणि सर्व फ्रेम्स समान अंतराने मांडीत असेल, तर मेळ चुकलाच म्हणून समजावे. 'मोबाइलवर बरोबर आणि संगणकावर चूक' ही तक्रार ऐकली की हाच दोष प्रथम मनात आणावा. हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल घालून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' हा पर्याय निवडावा, मोबाइलची जी घोषित गती असेल तीच ठेवावी आणि तयार झालेली नवी फाइल संकलनात घ्यावी. हे काम कापाकापीच्या अगोदर करायचे असते. अर्धे संकलन झाल्यावर केले तर सर्व काप पुन्हा लावावे लागतात. पुढच्या चित्रणासाठी, मोबाइलमध्ये अंधारात फ्रेम्स आपोआप कमी करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी आणि बोलणाऱ्याच्या समोर एक चांगला दिवा लावावा. बंद खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा खिडकीजवळची सकाळची जागा केव्हाही उत्तम.

आता स्वयंचलित जुळवणीविषयी. पूर्वी यासाठी प्लूरलआइज हे स्वतंत्र सॉफ्टवेअर प्रसिद्ध होते, २०२३ मध्ये त्याचा पुढील विकास थांबला. आज ही सोय संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येच मिळते. प्रीमिअर प्रोमध्ये 'सिंक्रोनाइझ', दा विंची रिझॉल्व्हमध्ये 'ऑटो सिंक ऑडिओ', आणि विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या, म्हणजे फुकट असलेल्या केडेनलाइव्हमध्ये 'अलाइन ऑडिओ टू रेफरन्स'. रिझॉल्व्हचीही एक मोफत आवृत्ती आहे. या सर्वांची रीत एकच. कॅमेऱ्यात आलेला ओबडधोबड आवाज आणि रेकॉर्डरमधला स्वच्छ आवाज यांच्या लहरी एकमेकींवर ठेवून सरकवीत जायचे आणि ज्या जागी त्या सर्वाधिक जुळतील तेथे थांबायचे. चित्रातले त्याला काही कळत नाही, ओठ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही.

एवढे ध्यानात घेतले की ते कोठे फसेल हे सांगता येते. कॅमेऱ्याचा माइक बंद असेल किंवा त्यात नुसता वारा भरला असेल, तर तुलनेला काही उरतच नाही. रेकॉर्डर वेगळा आहे म्हणून कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवण्याची सवय काहींना असते, ती मोडावी. भीमगीतांच्या कार्यक्रमात ढोलकीचे तेच आवर्तन पुन्हा पुन्हा येते. क्लिप लहान असली तर सॉफ्टवेअर एक आवर्तन मागे किंवा पुढे जाऊन बसते. ठेका जुळलेला दिसतो पण गायकाचे ओठ भलतेच बोलत असतात. वंदनेत त्रिसरण तीनदा म्हटले जाते, तेथेही लहान तुकडा दुसऱ्याच फेरीवर जाऊन चिकटू शकतो. अशा वेळी तुकडे न करता अखंड क्लिप जुळवणीस द्यावी, किंवा अंदाजाने जवळ आणून ठेवावी आणि शेवटचे काही हातांनी करावे. आणखी एक कारण म्हणजे फाइलींचे आपोआप होणारे तुकडे. पुष्कळ कार्डांवर चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून कॅमेरा लांब भाषणाचे तुकडे करून ठेवतो आणि काही कॅमेऱ्यांत दोन तुकड्यांच्या सांध्यावर थोडेसे गळते. पहिला तुकडा जुळला म्हणून पुढचे त्याला चिकटवीत जाऊ नये. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवावा.

एक प्रसंग असा आहे की सॉफ्टवेअर 'जुळले' म्हणते आणि डोळे 'नाही' म्हणतात, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. जयंतीच्या सभेत कॅमेरा मैदानाच्या मागच्या टोकाला उंचावर ठेवतात आणि स्वच्छ आवाज व्यासपीठाजवळच्या मिक्सरमधून थेट घेतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॅमेरा ३४ मीटर, म्हणजे एकशे दहा-बारा फूट दूर असेल, तर वक्त्याचा शब्द कॅमेऱ्याच्या माइकमध्ये सेकंदाचा दहावा हिस्सा उशिरा पोहोचतो. सॉफ्टवेअर हा उशिराचा आवाज मिक्सरच्या आवाजावर बरोबर बसवते आणि त्यासाठी कॅमेऱ्याची संपूर्ण क्लिप तेवढी अलीकडे ओढते. त्याबरोबर चित्रही अलीकडे येते. परिणामी वक्त्याचे ओठ अडीच फ्रेम्स अगोदर हलतात. ध्वनिक्षेपकाचा कर्णा कॅमेऱ्याजवळच टांगलेला असेल तर फरक फारसा पडत नाही, म्हणून येथे कोणताही ठरावीक आकडा सांगून चालत नाही. ओठ मिटणारे अक्षर शोधून क्लिप दोन-तीन फ्रेम्स पुढे सरकवावी आणि डोळ्यांचे ऐकावे. व्यासपीठाजवळचा दुसरा कॅमेरा त्याच आवाजावर बिनचूक बसतो, त्यामुळे दोन कॅमेरे आळीपाळीने दाखवताना हा फरक अधिकच खटकतो.

सरतेशेवटी जतनाविषयी. जुळवलेली तयार प्रत झाली म्हणून मूळ फाइली पुसून टाकण्याचा मोह जागा वाचवण्यासाठी होतो, तो आवरावा. आज जे जुळत नाही ते उद्याच्या अधिक चांगल्या साधनाने जुळेल, पण मूळच नसेल तर काहीच करता येणार नाही. तसेच व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नये, पाठवताना ती आकुंचित झालेली असते. कॅमेऱ्याची मूळ फाइल, रेकॉर्डरची मूळ फाइल, हँडब्रेकमधून काढलेली फाइल आणि तयार प्रत अशा चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. त्याच फोल्डरात एक साधा मजकूर लिहून ठेवावा. त्यात चित्रणाचा दिनांक आणि ठिकाण, बोलणाऱ्या व्यक्तीचे संपूर्ण नाव, गाव आणि वय, दोन्ही यंत्रांचे नाव, सेकंदाला फ्रेम्स किती आणि नमुने किती, आवाज किती फ्रेम्स कोणत्या दिशेला सरकवला आणि मध्ये कोठे कोठे शांतता कापली, एवढे असावे. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती कराव्यात. एक विहाराच्या कपाटात असावी आणि दुसरी एखाद्या सभासदाच्या घरी.